चीकवाल्या आक्कांचा नंबर

फोन वाजला की चीकवाल्या आक्का उठून उभ्या राहायच्या. कसब्यात आमच्या जिन्यात किटली टेकवून बसलेल्या असल्या तरी आधी उभं राहायचं, पदर डोक्यावर घ्यायचा, मगच बटण दाबायचं. शेजारचे नाना एकदा म्हणाले, "काय आक्का, दिल्लीहून आहे का फोन?"

"न्हाय नाना, वरल्या वाडीवरनं हाय. गाय व्याली. दिल्लीत काय व्यालंय?"

नाना भाव न करता पातेलं आणायला गेले. आमच्या पेठेत असं क्वचित घडतं.

खडकवासला धरणाच्या मागे डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथे घरटी एखादी गाय. ती व्याली की पहिल्या दिवसांचा चीक डेअरी घेत नाही. पूर्वी तो शेजारीपाजारी वाटायचा, उरला तर सांडायचा. आक्कांनी प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं स्वतःचा नंबर लिहवून घेतला. गाय व्याली की त्या घरानं मिस्ड कॉल द्यायचा. आक्का चालत जाऊन चीक घ्यायच्या आणि एसटीत बसल्या बसल्या पेठेतल्या घरांना फोन लावायच्या. चीक नासायच्या आत खपला पाहिजे, म्हणून ही घाई. ज्या घरात एकच गाय, त्या घराला तेवढाच रोख पैसा. "काका, माजं दुकान ह्या नंबरात हाय," त्या मला म्हणायच्या. "पाटी न्हाय, गाळा न्हाय. नंबर."

पण वासरू पोटभर प्यायल्याशिवाय त्या थेंबही घेत नसत. समोरच्या वहिनींनी एकदा कुरकुर केली, की खरवसाला पाहुणे बोलावलेत आणि चीक एवढासाच! आक्का शांतपणे म्हणाल्या, "मग वासराला सांगू का, पुण्यात पाव्हणं आल्यात म्हून?" आणि जाताजाता बजावलं, "पयल्या दिसाचा हाय. दूध दुप्पट घाला, न्हायतर विटंवानी घट्ट व्हईल."

ते सिमकार्ड माझ्या नावावर होतं. आक्कांच्या एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. दुकानदार ऐकेना, तेव्हा मीच माझा कागद पुढे केला. त्याचं मला पुढे बरेच दिवस कौतुकही होतं.

मग एके दुपारी मला फोन आला. पलीकडचा माणूस दरडावून म्हणाला, तुमच्या नावावरच्या दुसऱ्या नंबरवरून गुन्हा घडलाय, पोलीस निघालेत, कुणाशी बोलू नका. मी फोन ठेवला. दाराला कडी घातली. जिन्यात पाऊल वाजलं की दाराच्या फटीतून बघायचो. सून विचारायची, "बाबा, बरं नाही का?" मी पेपर तोंडापुढे धरायचो. आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस मी. या वयात सगळ्या पेठेदेखत पोलीस घेऊन जाणार, एवढंच डोळ्यांपुढे दिसत होतं. शेवटी मंडईजवळच्या मोबाईल कंपनीच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "हा नंबर मी वापरत नाही. बंद करून टाका."

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, नक्की ना? नंतर हाच नंबर मिळेल असं नाही."

"नक्की," मी म्हणालो. आक्का मला आठवल्या नाहीत असं नाही. आठवल्या, म्हणूनच घाईनं बोललो.

थोड्याच दिवसांनी आक्का आल्या. फोन तळहातावर, आजारी पाखरू धरावं तसा. "काका, हा मुका झालाय. वाडीवरनं लोक लावत्यात, लागत न्हाय. तुमी जरा इचारा की."

"कंपनीचा घोळ असेल. बघतो," मी म्हणालो. बघितलं नाही. नंबर पुन्हा सुरू झाला तर तो दरडावणारा फोनही पुन्हा येईल, ही भीती होती. आक्का यायच्या बंद झाल्या. नाना म्हणाले, "मिठाईवाल्यांनी सगळा चीक उचलला असणार. पैसा दिसल्यावर पेठेला कोण विचारतंय!" मी हो म्हणालो. पेठेत अजूनही तेच बोललं जातं. ते खोटं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

असे फोन भामट्यांचे असतात, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर मी धरणापलीकडे गेलो. आक्का एका रिसॉर्टच्या मागच्या बाजूला भांडी घासत होत्या. मुलाच्या नावावर त्यांनी नवा नंबर घेतला होता, पण दुखऱ्या गुडघ्यांनी सगळे गोठे पुन्हा चढून होईनात, आणि खालच्या भिंतींवर तो लिहून होईपर्यंत बऱ्याच गायी व्यायच्या त्या व्याल्या होत्या. चीक लोकांनी सांडला. मग गिऱ्हाइकं तुटली.

तिथेच उभ्या उभ्या मी त्यांना सगळं सांगितलं. नळ वाहत होता, तो त्यांनी बंद केला. हात पदराला पुसले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भ्या वाटलं व्हय तुमाला," त्या म्हणाल्या. "मग मला एक फोन करायचा हुता, काका. तवा लागत हुता की."