हळदीचा कापूस

इसम डोमाजी वल्द धोंडीबा, पेशा जिनिंग फॅक्टरीत रेचा चालवणे, वस्ती भैंसा. जन्मानं निजाम सरकारचा रयत. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्याचा नागरिक. एक नोव्हेंबर एकोणीसशे छप्पनपासून आंध्र प्रदेशाचा. जिल्हा कालपर्यंत नांदेड, आजपासून आदिलाबाद. एवढ्या प्रवासात सदर इसमानं राहतं घर बदललं नाही आणि प्रवासखर्चही मागितला नाही.

नव्या राज्याचे फटाके वाजले तेव्हा डोमाजी कामावर होता. फटाके त्याला ऐकू आले नाहीत. सरकीपासून रुई ओढून काढणारे रेचे एका लांब ओळीत, वर सळसळणारे पट्टे, भिंतीपलीकडे इंजन. सगळं मिळून असा गदारोळ, की तिथं मराठी, तेलुगू, उर्दू काहीच कळत नसे. सगळे हातवाऱ्यांनी बोलत. भाषेवरून राज्यं वाटली जात होती त्या साली भैंशाच्या जिनात हा प्रश्न केव्हाच सुटलेला होता. पण कुणी विचारायला आलं नाही.

घरी मात्र बायकोला, जयवंताबाईला, घसा फोडावा लागे. "अवो, मी काय रांधून राह्यली ते शेजाऱ्याले कळते, तुमाले नाई!" डोमाजी मान डोलवी. त्याचं डोकं ठणके, कानात रातकिडे ओरडत, चालताना जमीन हलल्यासारखी वाटे. हे सगळं त्यानं पित्तावर टाकलं होतं.

एका दुपारी जमीन जरा जास्तच हलली आणि डोमाजी रेच्यापाशी कोसळला. फाटकावरचा जमादार उद्धवराव धावत आला. कामगारांना हा माणूस मुळीच आवडत नसे. संध्याकाळी सुटताना तो प्रत्येकाची झडती घेई, धोतराच्या सोग्यापासून पागोट्याच्या घडीपर्यंत. कापसाचं बोंड सोडा, चिमूटभर रुई सापडली तरी माणूस चोर, आणि दुसऱ्या दिवशी काम बंद. उद्धवरावानं बेशुद्ध डोमाजीचीही आधी झडती घेतली. मग त्याला खांद्यावर घेतलं, गाडीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरणा, नुकताच गुंटूरकडून आलेला. त्याला मराठी येत नव्हती; उद्धवराव दुभाष्या झाला. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पारा पाहिला, आणि विश्वास न बसून परत पाहिला.

"रक्ताचा दाब लई चढला म्हनते," उद्धवराव डोमाजीच्या कानाशी ओरडला. "असाच राह्यला तर एक दिवस अर्धं अंग जाईन. मीठ कमी कर. त्या आवाजातून निघ म्हनते. निघता येत नसन तर कानात..." इथं तो थांबला आणि डॉक्टरकडे वळून तेलुगूत म्हणाला, "साहेब, कापूस सोडून दुसरं काही सांगा."

डॉक्टरनं पुन्हा कापूसच सांगितला. कापसाच्या डोंगरात उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या जागी नेमकी एवढी एकच वस्तू मना होती.

हंगाम ऐन भरात होता. रेचा सोडला तर चूल थांबणार, नाही सोडला तर डोमाजी. जयवंताबाईनं रडून घेतलं, डोळे पुसले आणि देव्हाऱ्यातला वातीचा कापूस काढला. तेलात हळद कालवून तो भिजवला, पिळला, त्याचे दोन बोळे वळले. "घ्या. आता कोन म्हनते हा फॅक्टरीचा हाय?"

त्या संध्याकाळी उद्धवरावानं दोन्ही कानांतले बोळे ओढून काढले.

"काऊन रे, हे काय?"

"तुमीच तर होते दवाखान्यात!"

"मी होतो. कायदा नोता," उद्धवराव म्हणाला, आणि बोळे तळहातावर घेऊन मॅनेजर सुधाकररावांपुढे गेला.

मॅनेजरनं चष्मा लावला. "उद्धवराव, आपल्याकडे पिवळा कापूस येतो का?"

"नाई साहेब."

"मग आपला नाही. जाऊ द्या त्याला."

शेजारच्या रेच्यावरच्या सोजरबाईनं हे पाहिलं आणि हा देवीचा नवस असल्याचं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी रेचे सुरू व्हायच्या आधी डोमाजीनं खरं सांगून पाहिलं, "दाबासाठी हाय वो, डॉक्टरनं सांगितलं."

"नवस असा बोलून दाखवत नसतात भाऊ, मले समजते," ती म्हणाली. आठवड्याभरात सगळ्या ओळीचे कान पिवळे झाले. डॉक्टरचं ऐकून एकानंही ते केलं नसतं. काहींची डोकेदुखी उतरली. श्रेय देवीला गेलं, आणि डॉक्टरनं हरकत घेतली नाही.

संक्रांतीच्या सुमारास डोमाजी दवाखान्यात गेला तो काखेत ज्वारीच्या कोवळ्या कणसांची पेंढी घेऊन. पारा बराच खाली आला होता. भीती टळली होती, पण डॉक्टरनं खुणेनं बजावलं: रेच्यावर परत नको. आभार कसे मानतात हे डोमाजीला ठाऊक नव्हतं. त्यानं दवाखान्याच्या अंगणात गोवऱ्या पेटवल्या, कणसं भाजली, तळहातावर चोळून फुंकली आणि हुरडा डॉक्टरच्या ओंजळीत ओतला. डॉक्टर खात गेला, डोमाजी चोळत गेला. बाहेरचे रोगी ताटकळले. मग त्यांनाही मिळाला.

रेच्याचा प्रश्न उद्धवरावानं सोडवला. तो आपणहून मॅनेजरपुढे उभा राहिला. "साहेब, मले फाटकावर जोडीदार पाह्यजे. डोमाजीच पाह्यजे."

"अहो, त्याला धड ऐकू येत नाही."

"झडती डोळ्यानं घेतात, साहेब."

पुढं बरीच वर्षं डोमाजी फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसला, जिथं चिमण्यांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचे. दिवेलागणीला हात जोडताना तो देवाच्या आधी जयवंतेचं नाव घेई, मग उद्धवरावाचं, मग डॉक्टरचं. डॉक्टरचं नाव जिभेवर बसत नसल्यामुळं "ते गुंटूरवाले" म्हणून. जयवंताबाई म्हणे, "माहं नाव देवाले काऊन सांगता? मले सांगा." मग तो तिलाही सांगे, जरा मोठ्यानंच.

नेमणुकीचा हुकूम मॅनेजरनं इतमामानं काढला होता: "सदर इसमाची प्रकृती सर्वथैव पूर्ववत झाल्याबद्दल खात्री पटल्यावरून त्यास फाटकावर कायम करण्यात येत आहे."

डाव्या कानानं त्याला पुन्हा कधीच ऐकू आलं नाही.