पाणी देणारी बाई

सोमवार, दिनांक ९ जून. ट्रकच्या कमानी बनवणाऱ्या कारखान्यात, पोलादाला पाणी देणाऱ्या बाईच्या हाती पेल्यांचा ट्रे देण्यात आला, याची नोंद असावी.

कमानीचा लालबुंद पाटा भट्टीतून काढून नेमक्या क्षणी बुडवायचा, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ताठा उतरवायचा, या कामाला पाणी देणे म्हणतात. पाटा बुडतो तेलात, तरी शब्द पाण्याचाच टिकला. बाई हे काम सासऱ्यांच्या हाताखाली शिकली आणि ते गेल्यावर भट्टी तिची झाली. पुढे धाकटे मालक शिकून परतले. त्यांनी मुकादमाला विचारले, "ही काय करते?"

"पाणी देते, साहेब."

"मग इथे उकाड्यात कशाला? ऑफिसात पाठवा हिला."

मुकादमाने हसू दाबले आणि त्याबरोबर खरे तेही गिळले. दुपारपर्यंत घोटाळा मालकांच्या कानी गेलाच. पण चूक कबूल करणे त्यांच्या अभ्यासक्रमात नसावे. उलट सगळ्यांसमोर ते म्हणाले, "आपल्या बाई म्हणजे पोलाद! कुठलंही काम सांगा, कुरकुर नाही."

घरी नणंद म्हणाली, "बरंच झालं की वहिनी. सावलीतलं काम."

"सावलीत कांदे ठेवतात."

"आणि नोकरी गेली म्हणजे?"

"गेली तर गेली! वाकवलं की वाकलेलंच राहतं ते लोखंड. पोलाद जागेवर परत येतं. मी नाही, त्यांनीच म्हटलंय मला पोलाद."

दुसऱ्या दिवशी तिने मालकांपुढे पेला आदळला. "प्या साहेब. कुणी कुणाला पाणी पाजायचं ते नंतर बघू."

ट्रे तिथेच टाकून ती भट्टीपाशी गेली आणि तिच्या जागी आणलेल्या माणसापुढे तिने हात पसरला. त्याने सांडशी दिली.

तेव्हापासून तिची हजेरी लावली जात नाही. ती मात्र रोज येते, रोज पाणी देते. मालक मागच्या दाराने ऑफिसात शिरतात.

बाईने निमूट सोसले की तिला पोलादी म्हणून मोकळे व्हायचे, ही खोड एकट्या मालकांची नाही. वाचकहो, ती आपली आहे. ती सोडा. आणि या बाईची हजेरी भट्टीवरच लागली पाहिजे, असे मालकांना तोंडावर सांगा.