सदूभाऊंची गाळणी

सदूभाऊ गेल्याची बातमी मला उमरोळी स्टेशनवर कळली. बोईसरला त्यांच्या शेजारच्या खोलीत राहणारा फिटर गाडीतून उतरला आणि म्हणाला, "भाईसाब, सदाशिवभाऊ गुजर गये. परसों." अशा वेळी माणसानं आधी हळहळावं. मी आधी विचारलं, जाताना काही बोलले का, जवळ कोण होतं? ताप डोक्यात गेला होता, बोलणार काय, असं तो म्हणाला आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिला. मला सुटल्यासारखं वाटलं... महिना झाला, ते सुटल्यासारखं वाटणं अजून डाचतंय.

भाऊ सांगलीकडचे. इकडे वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा वायरमन म्हणून आले. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत लग्नाला, सभेला लाउडस्पीकर लावायचे. आमचं गाव किनाऱ्यावरचं. खाडीवरचा वारा आणि बर्फाच्या कारखान्याचं इंजिन वक्त्याच्या आधी भोंग्यातून बोलायचं. त्यावर भाऊंनी एक पत्र्याचा डबा तयार केला. आत तारेची वेटोळी, बाहेर दोन बटणं. माइकला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळायचा, कानाला हेडफोन लावायचे आणि सभा चालू असतानाच बटणं फिरवत इंजिनाची घरघर तेवढी काढून टाकायची. गावानं त्या डब्याला नाव ठेवलं, गाळणी. दिल्लीत टेलिव्हिजन सुरू झाल्याचं भाऊंनी कुठंतरी वाचलं होतं. तिथं हेच काम करायची त्यांची फार इच्छा. मला म्हणायचे, "क्लार्कसाहेब, एकदा चित्र दिसायला लागलं की माणूस नीट ऐकत नाही. मग आवाजातून काय काढलं, कुणाच्या लक्षात येणार?" हे ते हसत म्हणायचे, पण मला ते हसणं पटत नसे. मी दुधात पाणी असेल म्हणून बोट बुडवून बघणाऱ्यांतला.

गावही माझ्यासारखंच. जो इंजिन गाळतो तो माणूस कशावरून गाळणार नाही, असं बायका उघड म्हणायच्या. तरी गावच्या मच्छीमार मंडळाच्या त्या सभेला भाऊंना मीच बोलावलं. मी मंडळाचा कारकून होतो, नोकरी कायम व्हायची होती. विषय एकच, बायकांची मासळी सुकवायची जागा मंडळाच्या गोदामाला द्यायची की नाही. वारा भणाणत होता. सगळी पुरुष मंडळी बोलून झाल्यावर माझी आई उठली आणि माइकपाशी आली. अध्यक्ष नात्यानं तिचे मोठे दीर. त्यांच्या तोंडावर कसं बोलायचं, म्हणून तिनं पदर सावरला, त्यांच्याकडे आणि माइककडेही पाठ केली आणि आपल्या बायकांकडे बघून बोलली. भोंग्यातून नुसती खरखर आली. ती बसली. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाचा विरोध?" बायका एकदम ओरडल्या, त्या गलक्यात ठराव एकमतानं मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी बायका मंडळावर चालून आल्या. मंडळाचे लोक म्हणाले, भोंग्यातून काही आलंच नाही, इतिवृत्तातही नाही. मग खापर कुणावर फुटणार? भाऊंनी मंडळाकडून पैसे खाऊन आईचा आवाज गाळला, हे दोन दिवसांत सातपाटीपर्यंत पोचलं. त्यानंतर किनाऱ्यावरच्या एकाही गावानं त्यांना सभेला बोलावलं नाही. आईनं त्यांना घरचं पाणीसुद्धा दिलं नाही. भाऊ एवढंच म्हणत, "माझा डबा घरघर काढतो, माणूस नाही." कुणी ऐकलं नाही.

आता लिहायलाच हवं. इतिवृत्त मी लिहिलं होतं. माझं टेबल माइकपासून चार हातांवर होतं, मला भोंग्याची गरजच नव्हती. आई म्हणाली होती, "जागा आमची हाय. आमी ती देणार नाय, लिवून घ्या." मला शब्द न् शब्द ऐकू आला. अध्यक्षांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी लिहिलं नाही.

त्या दिवशी सभा संपल्यावर सामान आवरताना भाऊंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमच्या आई बोलल्या ना? माझ्या कानात थोडं आलं. तुम्ही तर जवळच होता." मी म्हणालो, नाही, मलाही ऐकू आलं नाही. ते हेडफोनची तार गुंडाळत राहिले. पुन्हा कधी विचारलं नाही... आणि तिथून माझा खरा संशय सुरू झाला. त्यांना कळलंय, ते कधीतरी सांगणार. चोराच्या मनात चांदणं. ते बाजारात कुणाशी बोलताना दिसले की मी आडून उभा राहायचो. चहाचे पैसे त्यांनी दिले तरी मला त्यात टोमणा दिसायचा. चार वर्षं मी त्या सरळ माणसावर पहारा ठेवला.

शेवटची भेट बोईसरच्या खोलीत झाली. अंगात ताप होता. कॉटखालून त्यांनी गाळणी ओढून काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तुमच्याकडे राहू दे, क्लार्कसाहेब." मी विचारलं, माझ्याकडेच का? "आता इथं तुमच्याशिवाय ओळखीचं कोण आहे मला?" एवढंच बोलले. घरी येईपर्यंत मी त्या वाक्यात काटा शोधत होतो. आज वाटतं, काटा नव्हताच.

गाळणी सध्या आमच्या ओट्यावर आहे. आईनं ती घरात येऊ दिली नाही. "यानंच माझा आवाज खाल्ला," म्हणाली आणि तिच्यावर मासळीची पाटी उपडी घालून ठेवली. जागा गेल्यापासून ती रस्त्याच्या कडेला मासळी सुकवते, धूळ बसते म्हणून रोज मंडळाला आणि सदूभाऊंना शिव्या देते. आईला वाचता येत नाही. वर्तमानपत्राची रविवारची ही पुरवणी मीच तिला ओट्यावर बसून वाचून दाखवतो, कंटाळवाणं वाटेल ते गाळून. हा लेख छापून आला की पाटी बाजूला करून ती गाळणी आम्हा दोघांच्या मध्ये ठेवीन आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळा वाचीन.