बाई आल्या की बॅटरी चांगली

तिसऱ्यांदा गेले, तेव्हाही देवरावभाऊंच्या घरची सोलर सिस्टिम झकास चालू होती. मेकॅनिकसाठी याच्याहून वाईट गोष्ट नाही. बिघाड दिसला तर त्यात हात घालता येतो. इथे इन्व्हर्टरवर हिरवा दिवा, बॅटरी मजेत चार्ज होत होती, आणि छतावरचे पॅनल असे चकचकीत की त्यांत बघून वेणी घालावी. मी रिपोर्टमध्ये लिहिलंसुद्धा, ‘पॅनल अतिशय स्वच्छ. ग्राहक आदर्श.’

आणि माझी पाठ वळली, की दोन दिवसांत सुषमाचा फोन. सुषमा म्हणजे देवरावभाऊंची सून.

“बाई, काल संध्याकाळी सातलेच लाल दिवा लागला. ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. सिलिंडरवर ठेवलं बाबाले.”

मी साठी ओलांडलेली बाई. शाळा सातवीपर्यंत. आमच्या बचत गटाला वाटलेले सोलर कंदील बंद पडायला लागले, तेव्हा कंपनीचा माणूस येईल म्हणून सगळ्या बायका वाट बघत बसल्या. मी भाजीच्या सुरीने एक कंदील उघडला. तो माणूस अजून यायचाच आहे. मी मात्र कंदिलांवरून घरच्या सिस्टिमवर आले, आणि आता आरमोरीच्या आजूबाजूच्या गावांत नागपूरच्या एका डीलरची सर्व्हिस बघते. लोक ‘सोलरवाल्या बाई’ म्हणतात. डीलरचे मॅनेजर साहेब ‘मॅडम’ म्हणतात, म्हणजे काहीतरी चुकलेलं असतं तेव्हा.

देवरावभाऊ माजरीकडच्या कोळसा खाणीत आयुष्यभर राबले. रिटायर होऊन गावी आले ते छातीत धूळ घेऊनच. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. हे मशीन खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडतं. चार-पाच पंख्यांएवढी वीज खातं. आमच्या जिल्ह्यांचा हा पट्टा साऱ्या राज्याला वीज पुरवतो, त्यामुळे आमच्यापुरती थोडी कमी उरते, त्यात कोणाचा दोष नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी वारा सुटला की फांदी तारेवर पडते, आणि लाइन जाते ती सकाळपर्यंत. दिवसासुद्धा व्होल्टेज इतकं कमी, की इन्व्हर्टर तिला लाइन मानतच नाही. म्हणून बॅटरी भरायची ती फक्त उन्हावर. भरली, की मशीन आरामात सकाळ गाठतं. भरली तर.

ती भरत नव्हती. आणि भाऊंचा मुलगा राजू, चंद्रपुरात गॅरेजमध्ये काम करणारा, वैतागला होता.

“बाबा, रविवारी गाडी घेऊन येतो. चंद्रपूरले माझ्या खोलीवर ठेवतो तुमाले. तिथी हॉस्पिटल जवळ आहे,” त्या तिसऱ्या भेटीत माझ्यासमोरच तो फोनच्या स्पीकरवर बोलत होता.

भाऊ खाटेवरून म्हणाले, “अरे, सारी उमर त्याच धुरात काढली म्यां. आता कुठी हे झाड, ही हवा भेटली. मले नाई यायचं.”

“हवा भेटून राह्यली म्हणता, अन् नाकात नळी आहे!”

यावर भाऊ माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे! जशी काही हवा मीच अडवून धरली होती.

मी तिथूनच मॅनेजर साहेबांना फोन लावला. साहेब तरुण आहेत, एसीत बसतात, आणि तिथून त्यांना सगळ्या गावांचं ऊन दिसतं.

“मॅडम, तीन व्हिजिट झाल्या. फॉल्ट नाही. म्हणजे कस्टमर लोड जास्त टाकतो.”

“साहेब, दोन पंखे, तीन बल्ब आणि ऑक्सिजनचं मशीन. त्या लोडवरच तर सिस्टिम विकली आपण.”

“ऑक्सिजन मशीन आपल्या वॉरंटीच्या लिस्टमध्ये नाही. त्यांना सांगा, काढून टाका.”

“चालते. नाकातली नळी काढायला तुम्ही स्वतः या. मला खाटेवर वाकता येत नाही, कमरेचा त्रास आहे.”

साहेब म्हणाले, “शनिवारपर्यंत बघा. नाहीतर मी ओव्हरलोड लिहून फाइल क्लोज करतो. आणि हो, जायच्या आधी कस्टमरला फोन करायचा. कंपनीचा नियम आहे.”

नियम मी पाळतच होते. आदल्या दिवशी फोन, मग भेट. मोठी शिस्त. त्या शिस्तीनेच माझा पंधरवडा खाल्ला, हे पुढे कळलं.

शुक्रवारी मी शेजारच्या गावात एका शेतावरचा सोलर पंप बघायला गेले होते. काम लवकर उरकलं. फोनला रेंज नव्हती, म्हणून नियम मोडून तशीच गाडीवर देवरावभाऊंच्या गावाला निघाले. सकाळचे दहा वाजले असतील. रस्त्यावरून त्यांचं छत दिसलं, आणि मी गाडी बाजूला घेतली.

चारपैकी दोन पॅनल निळे होते. दोन पिवळे होते.

शिडी चढून वर गेले. गोडसर, आंबूस वास. दोन्ही पॅनलवर काठोकाठ मोहफुलं पसरलेली, आणि सुषमा केरसुणीच्या टोकाने ती हलक्या हाताने उलटीपालटी करत होती. मला बघून तिच्या हातातली केरसुणीच पडली.

“अव माय! बाई, तुम्ही फोन नाई केला!”

“नाई केला. हे काय आहे?”

“मोह आहे ना. वाळू घातला.”

“ते दिसते मले. इथी काऊन?”

तिने मला अगदी समजुतीने सांगितलं, आपल्या कामातलं कळत नसलेल्या माणसाला सांगावं तसं. अंगणात टाकला तर बकऱ्या खातात. स्लॅबवर टाकला तर माकडं येतात. पॅनल मात्र तिरपा आणि गुळगुळीत. माकडाने पाय ठेवला की घसरून खाली. शिवाय काच तापते, चार दिवसांचा मोह दीड दिवसात वाळतो. खरं सांगते, कंपनीच्या माहितीपत्रकात पॅनलचे इतके फायदे दिलेले नाहीत.

“आणि मी येते तेव्हा?”

“तुमचा फोन आला की भरून ठेवतो न सारा. पॅनल ओल्या फडक्याने पुसतो. माणूस घरी येणार, अन् पसारा दाखवाचा का?”

मग मला आठवलं. तिसऱ्या भेटीत याच घरात मी मोहफुलाचे दोन लाडू खाल्ले होते, आणि हात पुसून लिहिलं होतं, ‘दोष आढळला नाही.’ पुरावा पोटात घालून आले होते मी.

मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, हे चार पॅनल एका वायरीत ओवलेले आहेत, एकामागे एक. शेतातला पाइप समज. मध्ये कुठेही पाय दिला, तर पाणी त्या एका जागीच कमी होतं का? पुढे सगळ्याच वाफ्यांना कमी जातं. तसंच हे. दोन पॅनल झाकलेस, की उरलेले दोनसुद्धा बसून राहतात.

तिने पॅनलकडे बघितलं, मग खाली, जिथून मशीनचा घुर्र घुर्र आवाज येत होता तिकडे.

“म्हणजे बाबाचा दम मीच…”

तिने पदर तोंडाला लावला. खालून भाऊंचा आवाज आला, “काय झालं व? कोण आलं?”

“सोलरवाल्या बाई आल्या,” मी ओरडले. “सावली होती पॅनलवर. काढून राह्यलो.”

आम्ही दोघींनी मोह टोपल्यांत भरला. पॅनल पुसले. खाली येऊन बघितलं, तर इन्व्हर्टरवर चार्जिंगचा आकडा, सुषमा रोज बघते त्याच्या दुपटीच्याही वर.

पण मोह तर वाळवायचाच होता. हंगाम आहे, जंगलातून वेचून आणलेला, टाकून कसा देणार? माझ्या घरी एक मेलेला पॅनल होता. मागचा वायरीचा डबा वादळात तुटलेला, काच शाबूत. शनिवारी सकाळी तो आणून स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला विटांवर तिरपा ठेवला. वायर नाही, करंट नाही. माकडांना फरक कळला नाही. त्यांच्यातलं एक माझ्यादेखतच घसरलं.

संध्याकाळी सहाला वारा सुटला, आणि लाइनने आपलं कर्तव्य बजावलं. सगळं घर इन्व्हर्टरसमोर बसलं. सात वाजले. हिरवा दिवा. साडेसात. हिरवा.

भाऊ खाटेवरून म्हणाले, “तिकडं काय पाहून राह्यले सारे? सिनेमा लागला काय? जेवाले वाढा कोणी.”

मशीन सकाळपर्यंत चाललं. रविवारी राजू गाडी घेऊन आला, दिव्याकडे बघितलं, शिडी चढून वर जाऊन आला, आणि जाताना टोपलीभर वाळलेला मोह घेऊन गेला. भाऊंची चंद्रपूरसाठी भरलेली पिशवी खुंटीवरच राहिली.

आता रिपोर्ट. खरं लिहिलं असतं तर ‘ग्राहकाकडून गैरवापर’, आणि वॉरंटी खलास. मी लिहिलं, ‘झाडामुळे सावली.’

साहेबांचा फोन आला. “कोणतं झाड?”

“मोहाचं.”

“किती अंतरावर?”

“जंगलात आहे.”

“मग जंगलातल्या झाडाची सावली पॅनलवर कशी पडते?”

“उन्हाळ्यातच पडते, साहेब. पावसाळ्यात नाही.”

साहेबांनी ‘हंगामी सावली’ लिहून फाइल बंद केली. आता ऐकते, नव्या मेकॅनिकांच्या ट्रेनिंगमध्ये हे कारण शिकवतात.

मी मात्र त्या दिवसापासून आधी फोन करणं सोडून दिलं. जिथे जाते तिथे कुत्रं भुंकतं, बाई केस विंचरत असते, चहा उशिरा मिळतो. बिघाड मात्र घरीच भेटतो.