पहिली उलटतपासणी

मी वकील झालो तो कमळाआक्कामुळे. आटपाडीत लोकांचे कपडे शिवून या थोरल्या बहिणीने मला शिकवलं. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी स्वतःला जरा जास्तच मोठा समजत होतो.

मी वकिली सुरू केली त्या दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टातल्या वकील संघटनेची निवडणूक होती. अध्यक्षपदाच्या एका उमेदवारावर आरोप होता, की अशिलाची फी घेऊन ते विरुद्ध पक्षालाही आतून मिळाले. हे त्यांना तोंडावर विचारायचं आणि मगच मत द्यायचं, असं मी ठरवलं. आरशासमोर सरावही केला.

मतदानाच्या सकाळी कॅन्टीनमध्ये तेच माझ्या बाकावर येऊन बसले. समोरच्याच्या गळ्यातला पांढरा बँड सरळ करायची त्यांना सवय होती, माझाही करू लागले.

"गाव कुठलं, वकीलसाहेब?"

मला कुणी वकीलसाहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी गाव सांगितलं, आक्काचं शिवणकाम सांगितलं, खोलीचं भाडंसुद्धा सांगून टाकलं. मग कसाबसा म्हणालो, "साहेब, तुमच्यावर तो आरोप..."

माझ्या बँडवरचा त्यांचा हात खाली आला. "आवं, माघारी समदी बोलत्यात. तोंडावर कुणी इचारलंच न्हाई. तुमी इचारा."

ते खरंच वाट बघत होते.

मी म्हणालो, "चहा गार होतोय, साहेब."

संध्याकाळी पत्र लिहिलं:

"आक्का, आज पहिली उलटतपासणी घेतली. सगळी उत्तरं मीच दिली. मत त्यांना दिलं नाही, पण विचारलंही नाही. हे आटपाडीत कुणाला सांगू नकोस. तिथं अजून मला वकील समजतात."