तारखेचं बोट

ही गोष्ट मी तीन वर्षं बायकोलाही सांगितली नव्हती: किन्हीराजा गावच्या नामदेवभाऊंच्या घड्याळाची तारीख मीच बिघडवली.

अकोल्यात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तीन वर्षांपूर्वी साफसफाई करताना त्यांच्या घड्याळातलं बोट (तारखेची चकती रोज एक घर पुढे ढकलणारा बारीक तुकडा) माझ्या चिमट्याखाली मोडलं. तसा सुटा भाग इथं मिळेना. पत्र्याचा तुकडा कानशीनं घासून बसवला आणि गप्प राहिलो. आमच्या धंद्यात म्हणतात, झाकण लागलं की विषय संपला.

ते बोट मधूनच चुकायचं. त्यामुळे शेताच्या दाव्याच्या तारखेला नामदेवभाऊ वाशीमच्या कोर्टात एक दिवस उशिरा पोचले आणि शेत गेलं. गेल्या महिन्यात त्यांच्या गावचा एक जण दुकानात हे हसत हसत सांगून गेला.

मुंबईहून अस्सल बोट मागवलं. शेजारचा घड्याळजी म्हणाला, "कबूल केलंस तर उद्या दुकानात कोण येईल?"

"नाही आलं तर नको येऊ दे," म्हटलं, आणि काडेपेटीत कापसावर बोट ठेवून सकाळची मोटार धरली.

मेडशीला टायर फुटला. हॉटेलात भाकर आणि मिरचीचा ठेचा खात होतो. वाढणारी बाई म्हणाली, "काहून गा भाऊ, काडीपेटी उराशी धरून बसला? इंचू हाये काय तिच्यात?"

"हाये. मलेच चावून राह्यला."

"मंग सोड ना त्याले!"

मालेगावहून पुढे बैलगाडी मिळाली. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापूस फुटला होता. त्यातलं कुठलं शेत नामदेवभाऊंचं होतं, हे विचारायचा धीर झाला नाही.

ते अंगणात दोर वळत होते. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता अंगावर येतील.

"म्हंजे मी येडा नव्हतो?" त्यांनी विचारलं. "गावात समदे तिथीवर चालतात. तारीख एकट्या माह्या मनगटावर. तीन साल झाले, मले 'शिळाभाऊ' म्हणून राह्यले. कालची तारीख घेऊन फिरनारा!"

मी काडेपेटी पुढे केली.

"अथी नाही. पारावर चाल. तथी खोल घड्याळ."

पारावर माणसं जमली. मी भिंग डोळ्याला लावून झाकण उघडलं, पत्र्याचा तुकडा काढून सगळ्यांच्या हातात फिरवला, अस्सल बोट बसवलं. काटे बारापुढे फिरवले. तारीख टुणकन बदलली.

एक म्हातारा म्हणाला, "आता तुह्याकडं घड्याळ कोन देईन बे?"

"नका देऊ. पन याले शिळा म्हनू नका."

नामदेवभाऊंनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि बाही वर सरकवली.

परत आल्यापासून झाकण लावण्याआधी गिऱ्हाइकाला आतलं दाखवतो, माझी चूक असली तरी. गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. होऊ देत.

गावापुढे सांगून झालं. वाशीमच्या कोर्टात शपथेवर हेच सांगायचं, हे नामदेवभाऊंचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.