भैरवीने जोडलेली ओळ

भैरवी आखातातल्या एका शहरात, अल सद्द भागात राहायची, एका कंपनीत आयटीत होती. मराठी बायकांच्या ग्रुपवर कुठलीही खबर आधी तीच टाकायची. "तुला कसं गं सगळं आधी कळतं?" असं कुणी म्हटलं की ती मनातून सुखावायची.

एका दुपारी ऑफिसात तिला मेसेज आला. फरीज बिन ओमरानमध्ये घरगुती डब्यातून मुलांना विषबाधा, सावध राहा. सोबत एका कळकट ओट्याचा फोटो. त्या भागात डबे करणारी एकच बाई तिला माहीत होती, रत्नागिरीची नफिसाआपा. भैरवीने मेसेज पुढे पाठवला आणि खाली स्वतःची ओळ जोडली, "ही नफिसाआपाच असणार. डबे बंद करा."

संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, सुशांतने, फोटो मोठा करून पाहिला. "भिंतीवरचं कॅलेंडर बघ. ही लिपी इथे कोण वाचतं? फोटो इथला नाहीच. आणि आपांचं स्वयंपाकघर तू पाहिलंयस ना?"

पाहिलं होतं. लख्ख असायचं. भैरवीला दिवस गेले, पोटात काही ठरेना, तेव्हा आपाच तिच्यासाठी पेज आणि कुळथाची पिठी घेऊन यायची. भैरवीचे कान तापले. तिने मेसेज डिलीट केला, पण तोवर तो कुठल्या कुठे पोचला होता. मग तिने माफी लिहिली. चार-दोन अंगठे आले. ती माफी पुढे कुणीच पाठवली नाही.

आज जाऊ, उद्या जाऊ करत ती एकदाची आपाकडे गेली.

"आपा, तो मेसेज..."

"ठाऊक आहे गो. माझ्या मुलीला, सुमैयाला, कुणी तरी पाठवला. तिनं मला वाचून दाखवला, तुझ्या नावासकट." आपाने खुर्ची पुढे केली. स्वयंपाकघरात शेगडी बंद होती. "माझा नंबर होता ना तुझ्याकडे? एक फोन करायचा होतास."

'चुकून' हा शब्द भैरवीच्या ओठांवर आला. तो तिने गिळला.

मग डबे बंद केलेल्या एकेका घरी ती स्वतः गेली. "मी न विचारता लिहिलं, खोटं होतं ते," असं तोंडाने सांगताना दर वेळी नजर खाली जायची. काहींनी डबा पुन्हा लावला. काही जणी म्हणाल्या, "असेल गं, पण रिस्क कशाला?"

आपाची शेगडी पुन्हा पेटल्याचं कळलं तेव्हा भैरवीने भीतभीत फोन केला, "आपा, आम्हालाही डबा द्याल?"

आपा म्हणाली, "तुझ्यासाठी अजून हात वळत नाही गो."

"हो आपा," एवढंच भैरवीला म्हणता आलं.